आयेल्ट्सच्या रायटिंगमध्ये दोनदा ६.० : तिसऱ्यांदा बसू की ओईटीकडे वळू?

कृष्णाकाठ
नमस्कार. बरीच वर्षं इथे रोमात (नुसती वाचत) असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी स्टाफ नर्स आहे. गाव मिरजेजवळ, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी नर्सिंग आणि आठ वर्षं नोकरी. त्यातली पाच पुण्यात आयसीयूमध्ये. इंग्लंडला जायचं ठरवलंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, इंग्रजी भाषेच्या परीक्षेत, आयेल्ट्स अ‍ॅकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात.

मार्चमध्ये पहिल्यांदा बसले. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६. अर्ध्या बँडसाठी, म्हणजे अर्ध्या गुणासाठी गेलं. जूनमध्ये परत बसले. लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, स्पीकिंग ७, रायटिंग पुन्हा ६! रीडिंग उलट खाली आलं. एका वेळची फी सतरा-अठरा हजार, क्लासची वेगळी. क्लासमध्ये सरांनी निबंधाचा एक साचा दिला होता, तो मला झोपेतही म्हणता येतो. रात्रपाळीला पहाटे तीनला नर्सिंग स्टेशनवर बसून पन्नासेक निबंध लिहिले असतील.

तिसऱ्यांदा आयेल्ट्स द्यावी की ओईटी ही दुसरी इंग्रजीची परीक्षा? कुणी दोन्ही दिल्या असतील तर सांगा. घरी आता विचारणंही बंद झालंय, ते जास्त लागतंय.

पोटोबा
जाणकारांच्या प्रतीक्षेत. रुमाल टाकून ठेवतो.

मेलबर्नचा_मावळा
पीटीई ही इंग्रजीची तिसरी परीक्षा दे आणि मोकळी हो. सगळं कॉम्प्युटरवर, समोर माणूस नाही, निकाल बहुतेक दोन दिवसांत. मी आयेल्ट्सला रायटिंगमध्ये तीनदा ६.५ वर अडकलो होतो, पीटीईत पहिल्या फटक्यात काम झालं. एकच त्रास. एका खोलीत वीस जण हेडफोन लावून एकाच वेळी बोलत असतात. माझ्या शेजारचा इतक्या खणखणीत आवाजात आलेखाचं वर्णन करत होता की मी माझा सोडून त्याचाच आलेख सांगायला लागलो.

ओवा
@मावळा, ऑस्ट्रेलियाला चालते, पण एनएमसीला पीटीई चालत नाही. आयेल्ट्स किंवा ओईटी, दोनच. कृपया तिला भलतीकडे पाठवू नका, आधीच पैसे गेलेत बिचारीचे.

कृष्णाकाठ, मी नॉटिंगहॅमजवळ वॉर्डवर आहे, सहा वर्षं झाली. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता ड्यूटीवर आहे.

डॉ_खोकला
मी डॉक्टरांच्या बाजूने सांगतो. जीएमसीला, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या कौन्सिलला, एकूण ७.५ आणि कशातही ७ पेक्षा कमी नाही, अशी अट होती. माझाही अडथळा रायटिंगच. नंतर धाकट्या बहिणीने ओईटी दिली. ती वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. रायटिंगमध्ये निबंध नाही, पत्र. पेशंटच्या नोंदी देतात, पाच मिनिटं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला, साधारण १८० ते २०० शब्द. स्पीकिंगमध्ये दोन रोलप्ले. समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही तुम्हीच.

नर्सला हे घरचं वाटेल. पण सोपं समजू नका. नोंदींमध्ये मुद्दाम पालापाचोळा भरलेला असतो. १९९८ ला अपेंडिक्स काढलं, पेशंट बागकाम करतो वगैरे. ज्याला पत्र लिहायचं त्याला यातलं काय लागणार, हे निवडता आलं पाहिजे. बहिणीने पहिल्या सरावात बागकामासकट सगळं उतरवलं होतं. फी मात्र आयेल्ट्सच्या जवळपास दुप्पट.

दीडशहाणा
मला एक कळत नाही. बीएस्सी नर्सिंग इंग्रजीतून, एमबीबीएस इंग्रजीतून, रिपोर्ट इंग्रजीत, प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत (वाचता आलं तर). तरी इंग्रजी येतं हे सिद्ध करा! आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य. इंग्रजी काय दुधाची पिशवी आहे नासायला? सगळा पैसे उकळायचा धंदा आहे.

पोटोबा
@दीडशहाणा, माझं तर दोन वर्षांच्या आतच नासलं. लग्न झालं आणि सगळ्याच भाषा गेल्या.

ओवा
आले. आधी दीडशहाणांना.

पैशांबद्दल तुमचं पटतं. पण इंग्रजीतून शिकलो म्हणजे इंग्रजी आलं, हे नाही पटत. माझा इथला पहिला आठवडा. ८८ वर्षांचे एक आजोबा, हिपचं ऑपरेशन झालेलं. मला म्हणाले, 'लव्ह, आय नीड टू स्पेंड अ पेनी.' मला वाटलं खाली दुकानातून काहीतरी हवंय. मी अगदी गोड आवाजात सांगितलं की पैसे तुमच्या लॉकरमध्ये सुरक्षित आहेत, काळजी करू नका. आजोबा पुन्हा तेच. मी पुन्हा तेच. शेवटी त्यांचा चेहरा बघून पलीकडच्या बेडवरचे गृहस्थ ओरडले, की त्यांना लघवीला जायचंय! पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दाराला एक पेनी टाकावी लागायची, त्यावरून आलेला शब्दप्रयोग. कुठल्याच सरावपुस्तकात नव्हता. चादर मी बदलली.

दीडशहाणा
पण ताई, म्हणजे परीक्षेने ते शिकवलं नाहीच की. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

ओवा
हो, शिकवलं नाही. पण 'माफ करा, मला कळलं नाही, दुसऱ्या शब्दांत सांगाल का' हे न लाजता विचारायचं असतं, ते मी स्पीकिंगच्या तयारीत शिकले होते. त्या दिवशी वापरलं नाही, एवढंच.

निवृत्त_गुरुजी
मी साताऱ्याकडे ३४ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर गावातल्या पाच-सहा मुलींकडून या परीक्षेची तयारी करून घेतली, म्हणून बोलायचं धाडस करतो.

कृष्णाकाठ बाळ, परीक्षा बदलायचं नंतर बघू. आधी दुखतंय कुठे ते पाहू या. तुझ्या एका निबंधाचा विषय आणि तू कशी सुरुवात, कसा शेवट केलास ते इथे टाक. जसंच्या तसं.

कृष्णाकाठ
गुरुजी, खूप आभार. विषय असा होता : सरकारने आजारांवरच्या उपचारांपेक्षा आजार टाळण्यावर जास्त खर्च करावा, असं काहींना वाटतं. तुम्ही कितपत सहमत आहात?

माझी सुरुवात : 'इन धिस कंटेम्पररी एरा, हेल्थ इज अ बर्निंग टॉपिक. एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स.' मग एक परिच्छेद प्रतिबंधाच्या फायद्यांचा, एक उपचारांच्या फायद्यांचा. शेवटी, 'टू कन्क्लूड, बोथ आर इक्वली इम्पॉर्टंट अँड गव्हर्नमेंट शुड मेंटेन बॅलन्स.' एकूण २९० शब्द झाले होते.

चकली
अगंबाई, 'बर्निंग टॉपिक'! माझ्या क्लासमध्येही हाच होता. आमच्या बॅचमध्ये बत्तीस जण होते आणि बत्तीस जणांचे विषय एकाच वेळी जळत होते.

निवृत्त_गुरुजी
आता हे वाच आणि रागावू नकोस. तुझं इंग्रजी ६ चं नाही. तुझं उत्तर ६ चं आहे.

दोष तुझा नाही, आमचा आहे. आम्हीच तुम्हाला नववी-दहावीला 'विज्ञान : शाप की वरदान' लिहायला लावलं. सुरुवातीला सुविचार, मग वरदान दीड पान, मग शाप दीड पान आणि शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, वापरणाऱ्यावर अवलंबून'. जो पोरगा कुठलीच बाजू घ्यायचा नाही त्याला आम्ही पंधरापैकी तेरा द्यायचो. एकदा एका मुलाने लिहिलं होतं, 'शाप. कारण माझे वडील थ्रेशरमध्ये हात जाऊन अधू झाले.' पाऊण पानच होतं. मी त्याला सात दिले. तो पेपर मला अजून आठवतो.

इथे परीक्षक विचारतो, तू कितपत सहमत आहेस? तू सांगतेस, नाण्याला दोन बाजू असतात. चार निकषांवर सारखे गुण असतात : प्रश्नाला उत्तर, मांडणी आणि जोडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. पहिल्याच निकषात तू पाय अडकवून घेतेस. पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला दुरून ओळखू येतात, ती शब्दसंपत्तीत धरली जात नाहीत. शिवाय दुसऱ्या टास्कला, म्हणजे निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन, म्हणजे घाव मोठा.

आता मला मराठीतच सांग, विचार न करता. तुझं मत काय?

कृष्णाकाठ
विचार न करता सांगायचं तर गुरुजी, टाळण्यावरच खर्च करावा. काल रात्री माझ्याकडे दहा बेड होते. त्यातले सहा शुगर-बीपी वर्षानुवर्षं न तपासलेले. एक जण ४४ वर्षांचा, रिक्षावाला, किडन्या गेल्या. त्याच्या बायकोने विचारलं, आधी कुणी सांगितलं का नाही? महिन्याला एकदा कुणी दारात येऊन बीपी बघितला असता तर तो तिथे नसता. त्याच्या एका दिवसाच्या बिलात वाडीभर लोकांच्या शुगरच्या तपासण्या झाल्या असत्या.

निवृत्त_गुरुजी
हाच तुझा निबंध. नाण्याला ठेव बाजूला.

पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यं : बऱ्याच अंशी सहमत आहे, कारण अमुक. दुसऱ्यात तो रिक्षावाला, त्याचं नाव-गाव नको, 'असा रुग्ण' म्हणून. तिसऱ्यात कबूल कर की अपघात, जन्मजात दोष टाळता येत नाहीत, तिथे उपचार लागणारच. पण ते तुझ्या मताला धरून. शेवटी मत पुन्हा एका वाक्यात. साधे शब्द वापर. 'प्लेथोरा' लिहिशील तर मिरजेला येऊन कान धरीन.

डॉ_खोकला
गुरुजी, _/\_
पहिल्या टास्कबद्दलही, म्हणजे आलेखाबद्दल, एक पुरवणी जोडतो. आलेखाचं वर्णन करताना लोक एकेक आकडा वाचत सुटतात. एकंदर चित्र काय आहे, हे एक-दोन वाक्यांत वेगळं सांगावंच लागतं. ते नसेल तर आकडे कितीही बरोबर असोत, बँड वर सरकत नाही. आयसीयूचा चार्ट देताना आपण तरी आधी काय सांगतो? 'रात्रभर स्थिर, पहाटे ताप चढला.' मग आकडे. तसंच.

चकली
रायटिंगचं झालं, पण रीडिंगमध्ये ते ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन आहे ना, त्याने माझं डोकं उठवलंय. फॉल्स आणि नॉट गिव्हन यातला फरक मला आजतागायत कळलेला नाही.

पोटोबा
सोपं आहे. बायको : 'काल मित्रांबरोबर होतास ना?' मी ऑफिसात होतो असं आधी सांगितलेलं असेल तर फॉल्स. मी नुसताच पेपर वाचत बसलो तर नॉट गिव्हन. बँड दोन्हीकडे शून्य.

कृष्णाकाठ
😀
माझं जूनमध्ये रीडिंग यामुळेच पडलं. उतारा झोपेवर होता आणि मी माझ्या ज्ञानाने उत्तरं देत बसले. उताऱ्यात नसलेलं मला माहीत होतं म्हणून ट्रू! मग आमच्या इन्चार्ज सिस्टरचं वाक्य आठवलं, 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.' चार्टवर नोंद नाही तर इंजेक्शन दिलं नाहीच, तू शपथ घे नाहीतर रड. आता उतारा म्हणजे दुसऱ्या शिफ्टचा चार्ट समजून वाचते.

चकली
हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं! वाखु (वाचनखूण) साठवली.

कोकणकडा
उशिरा आलो. एक ऐकीव माहिती : आयेल्ट्स घेणाऱ्या दोन संस्थांपैकी ब्रिटिश कौन्सिलकडे परीक्षा दिली तर गुण सढळ हाताने देतात, आयडीपी कडक. खरं आहे का?

मेलबर्नचा_मावळा
काका, हा वाद जुना झाला. भारतातली आयेल्ट्स २०२१ मध्ये पूर्ण आयडीपीकडे गेली, आता निवडायला काही उरलेलं नाही. आणि तेव्हाही पेपर तोच, निकष तेच.

कोकणकडा
अच्छा. मग उच्चारांचं काय? आमच्या मुलीचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच आहेत, दोन्ही 'व'. शिवाय 'झेड'चा आमच्याकडे जहाजातला ज होतो. म्हणून तिला अमेरिकन उच्चाराचा क्लास लावलाय.

ओवा
काका, तो क्लास बंद करा आणि त्या पैशात तिला मासे खाऊ घाला. उच्चार कुठल्या देशाचे आहेत यावर गुण नाहीत, समोरच्याला कष्ट न पडता समजतंय का यावर आहेत. इथे माझ्या वॉर्डवर केरळ, फिलिपिन्स, नायजेरिया, पोलंड असं सगळं आहे. सगळ्यात न समजणारं इंग्रजी बोलतो तो इथलाच पोर्टर.

व्ही आणि डब्ल्यू मात्र थोडं बघा. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट'. डब्ल्यूला ओठांचा चंबू, व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर. आरशासमोर दोन दिवस पुरतात.

चकली
माझ्या स्पीकिंगची गंमत. क्यू कार्ड मिळतं, एक मिनिट विचार, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. मला आलं, 'तुम्ही केलेल्या एखाद्या पदार्थाबद्दल सांगा.' मी उत्साहात पुरणपोळी. हरभऱ्याच्या डाळीला काय म्हणायचं? जायफळाला? पुरणयंत्राला?? दीड मिनिट मी हवेत हात फिरवून पुरण वाटत होते. आणि ऐन पोळी तव्यावर टाकताना बाई म्हणाल्या, 'थँक यू.' मला वाटलं चिडल्या. रिक्षात बसून रडले. नंतर कळलं, वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी थांबवतात, त्याचे गुण कापत नाहीत. ७ आले!

मेलबर्नचा_मावळा
तिथे खरं बोलायचं बंधन थोडंच आहे? ऑम्लेट सांगायचं. मी माझ्या सैन्यातल्या भावाबद्दल दोन मिनिटं बोललो. मला भाऊ नाही. फक्त पुढच्या भागात त्यांनी सैन्यभरतीवर प्रश्न विचारले तेव्हा घाम फुटला.

दीडशहाणा
म्हणजे खोटं बोलण्याची परीक्षा. तरी म्हटलं.

बाकी गुरुजी, इंग्रजी पहिलीपासून पाहिजे की पाचवीपासून यावर तुमचं मत ऐकायचंय. २००० साली पहिलीपासून केलं, त्याने फरक पडला का?

निवृत्त_गुरुजी
पडला. पूर्वी मुलं पाचवीला घाबरायची, आता पहिलीला घाबरतात. 😀 यावर वेगळा धागा काढा, येतो.

ओवा
हो, नको तिकडे भरकटायला. कृष्णाकाठ, तुला सांगायची मुख्य गोष्ट राहूनच गेली. नीट वाच.

एनएमसी दोन वेळचे निकाल जोडून घेते. दोन्ही परीक्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको आणि दोन्ही वेळा चारही भाग दिलेले हवेत. कुठल्याही वेळी लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली नको आणि रायटिंग ६ च्या खाली नको. या चौकटीत असेल तर प्रत्येक भागाचा चांगला गुण धरतात.

तुझ्या मार्चच्या निकालात तीन भाग आधीच झालेत! तुला फक्त रायटिंगचे ६.५ हवेत, बाकीचे ६.५ पर्यंत घसरले तरी चालतील. पण हे आयेल्ट्सला आयेल्ट्सच जोडून. ओईटीकडे गेलीस तर मार्चचा निकाल वाया. म्हणून माझं मत, येत्या फेब्रुवारीच्या आत आयेल्ट्सच. अर्ज करायच्या आधी त्यांच्या साईटवर नियम एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, माझ्यावर विसंबू नकोस.

कृष्णाकाठ
ओवाताई!! क्लासमध्ये दोनदा विचारलं होतं मी, पहिला निकाल उपयोगी पडेल का. म्हणाले, 'विसरा, नव्याने सुरू करा', आणि दुसऱ्या बॅचची पावती हातात दिली. आत्ता साईटवर वाचलं. तसंच आहे. हात थरथरतायत.

डॉ_खोकला
मग मीही ओईटीचा सल्ला मागे घेतो.

पोटोबा
अभिनंदन आधीच देऊन ठेवतो. पेढे कंदी असावेत.

कृष्णाकाठ
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. सप्टेंबरच्या शेवटी बसले. काल निकाल आला.

मेल उघडली तेव्हा ड्यूटीवर होते, औषधांच्या ट्रॉलीपाशी. पहिली नजर स्पीकिंगवर गेली, ६.५. डोळ्यांपुढे अंधारी. ट्रॉलीला धरून उभी राहिले. मग ओवाताईंचा प्रतिसाद आठवला आणि बाकीचं वाचलं. लिसनिंग ७, रीडिंग ७, रायटिंग ६.५. मार्चच्या निकालाला जोडून सगळं बसतंय!

गुरुजी, तुम्ही सांगितलं तसे फक्त अठरा निबंध लिहिले, पण प्रत्येकाआधी स्वतःला मराठीत विचारायचे, 'तुला काय वाटतं?' विषय आला होता वेगळाच, आरोग्याचा नव्हता. पण पहिल्या दोन वाक्यांत मत लिहून टाकलं आणि २६५ शब्दांत थांबले. नाणं आणलं नाही.

आता कागदपत्रं, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिकडे गेल्यावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. आईने ऐकल्यावर पहिलं विचारलं, 'म्हणजे आता परीक्षा संपल्या ना?' खरं सांगितलेलं नाही अजून.

निवृत्त_गुरुजी
शाब्बास. माझ्या सातवाल्या पोराची आठवण झाली. स्पीकिंग का घसरलं ते सांग, पुढच्या मुलींना उपयोग होईल.

कृष्णाकाठ
मावळेदादांनी सांगितलं होतं खोटं सांग. मी आजीबद्दल खरं सांगायला गेले. ती शेतातून येताना पदराच्या टोकाला बांधून बोरं आणायची. पदराला शब्दच सुचेना. तिथे जी अडखळले ती अडखळलेच.

चकली
पल्लू चालतं की.

दीडशहाणा
पल्लू हिंदी झालं. 'लूज एंड ऑफ द सारी'.

निवृत्त_गुरुजी
पण आजीचा पदर खोचलेला असणार, लूज कुठला?

ओवा
अहो, 'शी टाइड देम इन हर सारी' म्हणायचं आणि पुढे जायचं! कृष्णाकाठ, येताना गोडा मसाला आण अर्धा किलो.